खालचा पंचम

आमच्या गासच्या चर्चमधल्या गायकवृंदात बासला, म्हणजे सगळ्यात खालच्या पुरुषी आवाजाला, माणसं मिळत नाहीत. चाल गातात बायका किंवा टेनर. बासच्या वाट्याला षड्ज, पंचम आणि झालाच तर एखादा मध्यम. शाळेत असताना माझा आवाज फुटला तो जरा जाडाच निघाला, म्हणून वृंदाच्या सरांनी मला मागच्या ओळीत ढकललं. पण जाड आवाज म्हणजे खोल आवाज नव्हे. काळी एकच्या पट्टीत मंद्र पंचम लावायचा म्हणजे साधारण १०४ हर्ट्झ. बोलताना मी तिथे सहज जायचो. गाताना मात्र तोंडातून नुसती हवा यायची.

खाली उतरताना माझी हनुवटी छातीला टेकायची. सर पेटी थांबवून विचारायचे, "खाली काय पडलंय रे तुझं?" मान खाली घातली की घसा आवळला जातो. कंठमणी मुद्दाम खाली दाबला तरी तेच. भारदस्त वाटतं ते आपल्यालाच, तिसऱ्या बाकावर काही पोचत नाही.

पुरुषाचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात. लांब आणि जाड तंतू सावकाश कंप पावतात, म्हणून स्वर खाली लागतो. ही लांबी रियाजाने वाढत नाही, त्यामुळे तळ फारसा हलत नाही. कमवायचे ते तळाच्या वरचे तीन-चार स्वर. हे सरांनी सांगितलं तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो.

रियाज अगदी साधा. मधल्या 'सा'पासून ओठ मिटून 'म' गुणगुणत एकेक स्वर खाली यायचं, बोलतो तेवढ्याच आवाजात. सुराऐवजी खरखर ऐकू आली की एक स्वर वर सरकायचं आणि तिथेच दम पुरेल तोवर थांबायचं. पहाटे वाडीत केळीला पाणी सोडलं की मोटर बंद करायची वेळ होईपर्यंत हेच चाले. पण पहाटेच्या आवाजावर भरवसा ठेवू नये. झोपेतून उठल्यावर स्वरतंतू किंचित सुजलेले असतात, त्यामुळे एखाद-दोन स्वर फुकटात मिळतात. संध्याकाळी नालासोपाऱ्याला गाडीतून उतरेपर्यंत ते गेलेले असतात. म्हणून आवाजाची खरी परीक्षा मी संध्याकाळीच घेतो. (विरार लोकलच्या भजनी मंडळात खालच्या आवाजाला तसाही वाव नाही. गाडीच्या खडखडाटात वरची पट्टीच तग धरते.)

दुसरी खोड जायला जास्त वेळ लागला. खोल वाटावं म्हणून मी प्रत्येक 'आ'चा 'ओ' करायचो. मोठ्या चर्चमध्ये असा गोल आवाज छताखाली नुसता घुमतो, शब्द कळत नाही. 'सामना' या १९७५ सालच्या चित्रपटातलं रवींद्र साठ्यांचं गाणं ऐकावं. आवाज किती खाली, आणि तरी एकेक अक्षर स्वच्छ.

बासचा कस लागतो तो गुड फ्रायडेला. पवित्र गुरुवारी 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत झालं की आमच्याकडे पेटी, कीबोर्ड, सगळं बंद, ते थेट ईस्टरच्या जागरणविधीपर्यंत. वाद्याचा आधार नसला की वृंद नकळत उतरत जातो. पहिलं कडवं काळी एकमध्ये सुरू केलं तर शेवटच्या कडव्यापर्यंत पांढरी एक होते. टेनरना ते सुखाचंच, पण माझा मंद्र पंचम अर्ध्या स्वराने आणखी खाली सरकलेला असतो. दिवसभराचा उपास, लांबलचक विधी आणि वर हे. त्यात बासनेच सूर सोडला तर सगळेच घसरतात. त्यामुळे मी तळाचा स्वर मोठ्याने गायच्या भानगडीत पडत नाही, तो हलू देत नाही एवढंच बघतो. शेजारचा माझ्याकडे कान लावून असतो, हे आता मला कळतं.

यंदा सरांनी सुरुवातच पांढरी दोनमध्ये करायची ठरवली आहे, म्हणजे घसरायला थोडी जागा राहील. टेनर कुरकुरताहेत. त्यांनी वरचा आवाज कमवावा.