दर आठवड्याला दहा पौंड

आमच्या घरात 'रेस' हा शब्द उच्चारलेला आईला खपत नसे. त्याला कारण होते. माझे धाकटे काका नोकरीनिमित्त मुंबईला ये-जा करू लागले आणि कुणा सोबत्याच्या नादाने रेसच्या मैदानावर जाऊ लागले. प्रथम पगार गेला, मग काकीच्या पाटल्या गेल्या आणि शेवटी विहिरीलगतची केळीची बाग गेली. ज्या दिवशी बाग दुसऱ्याच्या नावावर झाली, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. पुढे काका सावरले, नित्यनेमाने मिस्सेला जाऊ लागले. बाग मात्र परत आली नाही. तेव्हापासून घोड्याविषयी माझ्या मनात जी अढी बसली, ती साठी उलटेपर्यंत सुटली नाही. सणाच्या दिवशी चर्चच्या पटांगणात आपण हौसेने हाऊजी खेळतो, याचा मला अशा वेळी सोयीस्कर विसर पडत असे.

अढी सुटायला निमित्त झाला 'डार्क हॉर्स' हा २०१५ सालचा माहितीपट. मुलीने तो आग्रहाने दाखवला. मी नाराजीनेच बसलो.

इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील दऱ्याखोऱ्यांतील गावे कोळशावर जगत. १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि ज्या घरांतील तीन-तीन पिढ्या जमिनीखाली उतरल्या होत्या, त्या घरांतील माणसे रिकाम्या हातांनी उंबऱ्यावर बसली. केव्हन फॉरेस्ट हे त्यांपैकीच एक गाव. तेथील कामगारांच्या क्लबात जॅन व्होक्स नावाची बाई गिऱ्हाइकांना पेये देण्याचे काम करी, शिवाय एका मोठ्या दुकानात झाडलोट करी. शर्यतीची कबुतरे आणि कुत्री पाळून तिने बक्षिसे मिळवली होती. एके दिवशी क्लबात हॉवर्ड डेव्हिस नावाचे करसल्लागार आपल्या जुन्या घोड्याविषयी बोलत असताना ते तिच्या कानी पडले आणि तिच्या मनाने घेतले, की आपणही शर्यतीचा घोडा निपजवायचा.

हे डेव्हिस मला फार जवळचे वाटले. घोड्याच्या नादात त्यांचे राहते घर जाता जाता वाचले होते आणि पुन्हा त्या वाटेला न जाण्याचे वचन त्यांनी पत्नीला दिले होते. आमच्या काकांनीही काकीला असेच वचन दिले होते. काकांनी ते पाळले, डेव्हिस यांनी मोडले. तरीही चित्रपट पाहताना मला त्यांचा राग आला नाही, याचे मला स्वतःलाच नवल वाटले.

जॅन आणि तिचे पती ब्रायन यांनी साडेतीनशे पौंडांना एक घोडी विकत घेतली. शर्यतीत तिने कधी नाव कमावले नव्हते. तिला दाखवण्यासाठी मात्र चांगला नर निवडला आणि २००१ साली शिंगरू जन्मले. गावकऱ्यांना भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने मिळत. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरील तशाच एका तुकड्यावर ते वाढले. खर्चासाठी गावातील तेवीस माणसे एकत्र आली. प्रत्येकाने आठवड्याला दहा पौंड द्यायचे, एवढाच करार. गावोगावी आपल्या बायाबापड्या भिशी चालवतात, त्याहून यात काही निराळे नव्हते. शिंगराचे नाव ठेवले 'ड्रीम अलायन्स', स्वप्नासाठी जुळलेली युती.

पुढे सॉमरसेटमधील फिलिप हॉब्स या नामांकित प्रशिक्षकांनी त्याला आपल्या तबेल्यात घेतले. लक्षाधीशांच्या घोड्यांच्या रांगेत हा ढिगाऱ्यावरचा घोडा उभा राहिला. २००४ मधील पहिल्या शर्यतीत तो चौथा आला. मग जिंकूही लागला.

एप्रिल २००८ मध्ये एन्ट्री येथील शर्यतीत धावता धावता त्याच्या मागच्या पायाचा खूर पुढच्या पायावर बसला आणि स्नायुबंध कापला गेला. असा घोडा बहुधा तेथेच गोळी घालून संपवतात. त्यांचा हिशेब सोपा असतो: जो धावणार नाही, त्याला पोसायचे कशाला? या तेवीस जणांपुढेही तोच हिशेब होता. घोड्याने मिळवलेले बक्षिसाचे पैसे शिल्लक होते. ते वाटून घेतले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी ते घोड्याच्या पायावर खर्च करायचे ठरवले. तो पुन्हा धावेल याची हमी कोणीच दिलेली नव्हती. ही कमाई त्याची, तेव्हा ती त्याच्यासाठीच खर्च व्हावी, एवढाच त्यांचा विचार. येथे मी मुलीला चित्रपट थांबवायला सांगितला आणि पाणी पिऊन आलो.

उपचार मूलपेशींचा होता. हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, म्हणून सांगतो: त्या पेशी घोड्याच्याच हाडातील मज्जेतून काढलेल्या होत्या. त्या प्रयोगशाळेत वाढवून जखमेत सोडल्या. नंतर कित्येक महिने विश्रांती, हळूहळू चालणे, मग दुडकी.

२८ डिसेंबर २००९ रोजी चेपस्टो येथे 'वेल्श नॅशनल' शर्यत झाली. चिखलाने जड झालेले मैदान, सुमारे सहा किलोमीटरांचे अंतर आणि वाटेत अडथळ्यांच्या उड्या. टॉम ओब्रायन स्वार होता. ड्रीम अलायन्सचा भाव होता वीसास एक. घोड्याच्या एका लांबीहूनही कमी अंतराने तो पहिला आला.

यश फार काळ टिकले नाही. २०१० च्या ग्रँड नॅशनलमध्ये त्याला मधूनच माघार घ्यावी लागली. फुप्फुसाचा विकार निघाला आणि २०१२ साली तो निवृत्त झाला. सर्व खर्च वजा जाता प्रत्येक भागीदाराच्या वाट्याला सुमारे १,४३० पौंड आले. इतक्या वर्षांच्या वर्गणीकडे पाहता हा काही धंदा नव्हे.

काकी आता थकल्या आहेत. गेल्या नाताळात त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी त्यांना तो माहितीपट दाखवला. दाखवावा की नाही, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला होता. घोडे धावू लागताच त्यांनी जपमाळ हातात घेतली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. कापलेल्या पायाचा प्रसंग आला तेव्हा बोटे थांबली.

शेवटी दिवा लावला, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग म्हातारपणी त्याला सांभाळलं कोणी?"

तबेल्यात जी मुलगी त्याची देखभाल करी, तिच्याकडेच त्याला सॉमरसेटमध्ये ठेवले, असे मी सांगितले. काकींनी मान हलवली आणि अर्धवट राहिलेला दहाचा मणी पुन्हा बोटांत धरला.