हंगामापूर्वीचे परिमाण

गोंदिया जिल्हा धानाचा. आपल्यापैकी काही कुटुंबांचा चरितार्थ येथील भातगिरण्यांवर आणि धान्याच्या व्यापारावर चालतो. बँकेत त्यांची कर्जप्रकरणे पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवली. सारख्याच क्षमतेच्या दोन गिरण्या, धानाचा भाव तोच, बाजारही तोच. तरी एकीच्या ताळेबंदात दरवर्षी थोडी शिल्लक, तर दुसरीच्या खात्यात थकलेले व्याज. हा फरक बहुधा हंगामापूर्वीच्या आखणीचा असे.

या धंद्यात नफ्याची फट अरुंद आहे. शासकीय धानाच्या भरडाईत साधा तांदूळ शेकडा ६७ द्यावा लागतो. उतारा ६६ वर आला, तर १०,००० क्विंटल धानामागे १०० क्विंटल तांदूळ पदरचा घालावा लागतो. १ कोटीचे धान १० टक्के व्याजाच्या पैशावर चार महिने गुदामात राहिले, तर सव्वातीन लाखांहून अधिक व्याज चढते. भाव तेवढा वाढला नाही, तर तो साठा म्हणजे तोटाच.

त्यात धोरणे बदलतात. सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची निर्यात बंद झाली. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची थांबली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. असे निर्णय कोणाच्याच आराखड्यात आधी लिहिलेले नसतात. परंतु साठ्याची मर्यादा आधीच ठरवणारा आणि तांदूळ, कणी, कोंडा यांसाठी एकाहून अधिक ग्राहक जोडून ठेवणारा व्यापारी अशा वेळी तग धरू शकतो.

आखणी म्हणजे जाडजूड अहवाल नव्हे. किती ओलाव्यापर्यंतचे धान घ्यायचे, कर्जाचे किती व स्वतःचे किती भांडवल गुंतवायचे, कोणत्या भावाला विकून मोकळे व्हायचे, एवढे एका कागदावर मावते. आणखी एक ओळ मात्र हवीच : कॅश क्रेडिटचा पैसा धानाचाच, त्यातून भूखंड घ्यायचा नाही, घरचे लग्नकार्यही काढायचे नाही. चालत्या गिरण्या अडचणीत आलेल्या मी पाहिल्या, त्या बहुधा याच वाटेने.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. लोभाचा प्रसंग समोर उभा राहण्यापूर्वीच मर्यादा बांधून घ्यावी, हे त्यातले व्यवहारज्ञान. व्यापाराच्या नियोजनाचेही मर्म याहून वेगळे नाही. दिवाळीच्या सुमारास नवे धान बाजारात येते आणि त्याच दिवसांत आपण वहीपूजन करतो. शुभ-लाभ लिहिल्यावर त्याच पानावर साठ्याचा आणि कर्जाचा कमाल आकडाही लिहावा, आणि तो घरातील कर्त्या मुला-सुनांच्या समक्ष लिहावा.