दुसऱ्या खेपेची पिशवी

दुसऱ्या खेपेची बाई मला पिशवीवरून ओळखू येते. पहिलटकरणीसोबत आई, मावशी, कधी शेजारीणसुद्धा येते. दुसऱ्या खेपेला बाई नवऱ्याला घेऊन येते आणि कापड दुकानाच्या जुन्या पिशवीत पहिल्या बाळंतपणाचे सगळे कागद असतात. सोनोग्राफीचे फोटो, औषधांची बिलं, लसीकरणाचं कार्ड. आणि तळाशी, चार घड्या घातलेलं, सुटी देताना मिळालेलं डिस्चार्ज कार्ड. ते बहुतेक वेळा घरात कुणीच वाचलेलं नसतं.

उन्हाळ्यात पांढुर्ण्याच्या नदीपलीकडच्या सावरगावची एक सून आली. पाचवा महिना. पिशवी टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, तिथं मले पुन्हा नाई जायचं. दुसरीकडं कुठंई पाठवा."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दवाखाना तिच्या वडिलांनी ठरवला होता, कारण गल्लीतल्या एका पोरीचं तिथं 'चांगलं झालं' होतं. आता सासरे म्हणत होते नागपूर, सासूबाई म्हणत होत्या पांढुर्णा. पहिल्याला माहेर ठरवतं, दुसऱ्याला सासर. कळा जिला यायच्या तिला विचारायची पद्धत अजून आमच्याकडे पडायची आहे.

मी म्हटलं, काय झालं ते सांग. रात्रभर कळा, आई दाराबाहेर, कुणी धड बोलेना. मग एकीनं ते वाक्य टाकलं. ते मी इथं लिहीत नाही. प्रसूतिकक्षात राबलेल्या प्रत्येकीला ते पाठ आहे, आणि ऐकून गप्प बसण्याचं पाप मीही केलंय. पहाटे सिझर झालं. नंतर रक्त खूप गेलं, एक पिशवी रक्त चढवावं लागलं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, जणू एकच गोष्ट. त्या दोन गोष्टी होत्या. वाईट वागवलं ही एक, शरीराचं काय झालं ही दुसरी. पहिलीचा राग धरून दवाखाना बदलला तर गोड बोलणाऱ्या पण रक्ताची सोय नसलेल्या जागी बाई जाऊन पडते. दुसरीच्या भीतीनं बदलला तर सगळ्यात मोठी इमारत गाठते आणि तिथं पुन्हा आई दाराबाहेरच राहते. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी शोधावी लागतात.

कार्ड उलगडलं. कारण लिहिलं होतं, 'प्रगती नाही'. गर्भाशयाचं तोंड उघडलेलं ३ सेंमी. बाळाचे ठोके नीट, वजन पावणेतीन किलो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं की खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंमीपासून धरायचा. त्याआधी तोंड सावकाश उघडतंय एवढ्यावरून घाई करायची नाही. म्हणजे हिची गाडी फलाटावर लागायच्या आधीच चुकली असं ठरवलं गेलं. (एका कार्डावरून दुसऱ्या डॉक्टरला दोष देणं सोपं असतं, त्या रात्री तिथं मी नव्हते.) टाका आडवा, गर्भाशयाच्या खालच्या भागात. मग या खेपेला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. एका सिझरनंतर कळा येऊ दिलेल्या चारपैकी जवळपास तिघी मोकळ्या होतात. आपोआप कळा आल्या तर जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीला. पण ती दोनशेतली एक कोण, हे आधी कळत नाही. म्हणून ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त रात्री अडीचलाही त्याच छताखाली हवं.

रक्ताचं गणित तर आणखी कडक. प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर बाई जाते ती साधारण दोन तासांत. सावरगावहून नागपूर गाठायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. 'काही झालं तर नागपूरला नेऊ' हा बेत या हिशेबात बसत नाही. छिंदवाड्याला २०१९ पासून मेडिकल कॉलेज आहे, तेही जवळ नाही. तिच्या कागदांत सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह होती, हे एक बरं. आमच्या पट्ट्यात तो कागद आधी शोधावा लागतो. त्यात 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार निघाला तर रक्तपेढीवाल्या मोठ्या दवाखान्याला पर्यायच नसतो.

पैशाचं नवऱ्यानं विचारलं. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, गाडी २०११ पासून मोफत आहे, आणि मध्य प्रदेशात खेड्यातल्या बाईला वर जननी सुरक्षेचे १४०० रुपये.

आता आई दाराबाहेर का, हा प्रश्न. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय की सरकारी प्रसूतिकक्षात बाईसोबत एक जिवलग असू द्या, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई. हे अजून नवलाचं वाटतं, हेच नवल. आमच्या नागपुरात १९२१ साली कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी चार खाटांवर मातृसेवा संघाचं प्रसूतिगृह सुरू केलं. बाया दवाखान्याची पायरी चढायला धजत नव्हत्या, तो काळ. त्या चार खाटांवर बाया आल्या त्या काही यंत्रं बघून नव्हे.

तिला म्हटलं, दवाखाना बघायला जाशील तेव्हा फरशी नको बघू. विचार: रात्री भूल देणारे कुठून येतात, किती वेळात? रक्त इथंच आहे की आणावं लागतं? एका सिझरनंतर नैसर्गिकला किती जणींना संधी देता? माझी आई आत येईल का? शेवटच्या प्रश्नाला काय शब्द येतात त्यापेक्षा सिस्टरचा चेहरा बघ.

मग तारीख मोजली आणि मी थबकले. पोळ्याचाच आठवडा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, अलीकडून पांढुर्णा आणि पलीकडून सावरगाव, मध्ये दगड. गोष्ट म्हणे सावरगावची मुलगी पांढुर्ण्याच्या मुलानं नेली त्याची. त्या दिवशी डॉक्टर, अँब्युलन्स, टाके घालायच्या सुया, सगळं फुटक्या डोक्यांच्या दिमतीला. नदीपलीकडच्या बाईच्या कळांनी त्या दिवशी येऊ नये. आणि नागपूरला जावं तर तिथं नेमकी त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक. जुन्या शहरात गाडी हलत नाही. म्हणून पोळ्याच्या आसपास तारीख असलेल्या सगळ्यांना मी सांगते, दवाखाना ठरला की त्याच्याजवळच्या नातेवाइकाकडे आठ दिवस आधीच मुक्काम हलवा.

ती नीट ऐकत होती. नवऱ्यानं मोबाइलवर प्रश्न लिहून घेतले. पिशवीत कागद भरले, कार्ड आता सगळ्यात वर. दारापर्यंत जाऊन वळली.

"मॅडम, तुमच्याकडं रात्री भूल देणारे कुठून येतात?"

"वरूडहून," मी म्हटलं. "आणि रक्त आणावं लागतं."

ती काहीच बोलली नाही. मी लेटरपॅड पुढं ओढलं आणि चिठ्ठी लिहायला घेतली.