खणात ठेवलेलं संगीत

चि. मनूस,


तुम्ही मैत्रिणी बसवत असलेल्या क्वार्टेटचा संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच २५ सप्टेंबर १९०६ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मला. त्याला आठवं वर्ष पूर्ण होण्याआधी शहराचं नाव पेट्रोग्राड झालं आणि तो अठरा वर्षांचा होण्याआधी लेनिनग्राड. क्रांती झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पियानोचे पहिले धडे आईनं दिले. १९२२ मध्ये वडील गेले, घरात पैशाची ओढाताण सुरू झाली, आणि क्षयानं अशक्त झालेला हा मुलगा मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवून घराला हातभार लावू लागला. पदवीसाठी लिहिलेली त्याची पहिली सिंफनी १२ मे १९२६ रोजी लेनिनग्राडमध्ये वाजली आणि पुढच्याच वर्षी ब्रूनो वॉल्टरनं ती बर्लिनमध्ये वाजवली. तेव्हा तो विशीत होता. १२ मे ही तारीख त्यानं जन्मभर सणासारखी पाळली.

त्याचं चरित्र आणि त्याच्या देशाचा इतिहास वेगळे काढता येत नाहीत. कुठली रचना कधी लिहिली, हे तर महत्त्वाचं आहेच. पण ती लोकांपुढे कधी आली आणि मधली वर्षं टेबलाच्या खणात का पडून राहिली, यातून त्या काळाची खरी बखर हाती लागते.

२२ जानेवारी १९३४ ला त्याचा ‘मत्सेन्स्क जिल्ह्याची लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा लेनिनग्राडमध्ये रंगमंचावर आला. लेस्कोव्हच्या कथेवरचा हा ऑपेरा दोन वर्षं लेनिनग्राड आणि मॉस्कोत गर्दी खेचत होता, अमेरिकेतही पोचला होता. २६ जानेवारी १९३६ ला मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरात स्टालिन तो पाहायला आला आणि शेवट न बघताच उठून गेला. शोस्ताकोविच थिएटरातच होता. तिथून तो कार्यक्रमासाठी उत्तरेला अर्खांगेल्स्कला गेला. तिथे २८ तारखेचं ‘प्रावदा’ वर्तमानपत्र त्याच्या हाती पडलं. त्यात बिनसहीचा लेख होता: हे संगीत म्हणजे निव्वळ गोंधळ आहे, जनतेशी त्याचं नातं नाही आणि हा खेळ वाईट थराला जाऊ शकतो. दहा दिवसांच्या आत त्याच्या बॅलेवरही तसाच लेख आला. कालपर्यंत स्तुती करणाऱ्यांनी सभांमधून त्याच्यावर तोंडसुख घेतलं. त्यानं या सगळ्या टीकेची कात्रणं एका वहीत चिकटवून ठेवली, असं त्याचा जिवलग मित्र इसाक ग्लिकमन यानं लिहिलं आहे.

त्या लेखातली धमकी किती खरी होती, हे कळायला फार दिवस लागले नाहीत. १९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत राज्यात अधिकृत नोंदींप्रमाणेच ६ लाख ८० हजारांहून जास्त माणसं गोळ्या घालून मारली गेली. शोस्ताकोविचचा मेहुणा आणि सासू पकडले गेले, थोरल्या बहिणीला मध्य आशियात हद्दपार केलं गेलं. त्याचा मोठा आधार होता मार्शल तुखाचेवस्की. लाल सेनेचा हा नामवंत सेनापती हौशी व्हायोलिनवादकही होता. १२ जून १९३७ ला त्याला देशद्रोही ठरवून मारण्यात आलं. नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्डची पाळी १९४० मध्ये आली. ज्याच्या भोवतीची माणसं अशी एकेक नाहीशी होत होती, त्या शोस्ताकोविचच्या घरी याच सुमारास पाळणा हलला होता. मुलगी गालिना मे १९३६ मध्ये जन्मली, मुलगा मॅक्सिम मे १९३८ मध्ये.

चौथी सिंफनी त्यानं या वादळातच पुरी केली. डिसेंबर १९३६ मध्ये तालमी चालू असताना ती मागे घेतली गेली आणि थेट ३० डिसेंबर १९६१ रोजी पहिल्यांदा वाजली. पंचवीस वर्षं! त्याच्या सर्वांत धाडसी रचनांमध्ये ती मोडते, आणि ती वेळेवर ऐकली गेली असती तर त्याची पुढची वाट कदाचित वेगळी झाली असती.

पाचवी सिंफनी २१ नोव्हेंबर १९३७ ला येवगेनी म्राविन्स्कीनं लेनिनग्राडमध्ये वाजवली. तिच्या तिसऱ्या, संथ भागात श्रोते उघडपणे रडत होते, आणि शेवटी टाळ्या अर्धा तासभर थांबल्या नाहीत असं तिथे हजर असलेल्यांनी सांगितलं आहे. त्या सभागृहात क्वचितच कुणी असेल, ज्याच्या घरातलं किंवा ओळखीतलं माणूस रात्री उचलून नेलं गेलं नव्हतं. उघड शोक करायला बंदी होती. त्या संथ भागानं ती मोकळीक काही मिनिटांपुरती दिली. वृत्तपत्रांनी मात्र या सिंफनीला एका कलाकारानं न्याय्य टीकेला दिलेलं उत्तर म्हटलं. शेवटच्या पानांवर तंतुवाद्यं एकच स्वर ठोकत राहतात, वर पितळी वाद्यांचा जल्लोष चालू असतो. हा आनंद खरा की जबरदस्तीचा, यावर वादकांमध्ये आजही मतभेद आहेत. लय जलद ठेवली की तो विजय वाटतो. धिम्या लयीत तेच स्वर हातोड्यासारखे पडतात. धिमी लयच जास्त पटते, कारण आधीच्या भागातलं दुःख इतक्या झटपट विसरता येण्यासारखं नाही.

२२ जून १९४१ ला जर्मन सैन्य सोव्हिएत हद्दीत घुसलं. शोस्ताकोविचनं सैन्यात नाव दिलं, पण अधू दृष्टीमुळे त्याला घेतलं नाही. मग कॉन्झर्व्हेटरीच्या इमारतीवर तो आगप्रतिबंधक पथकात पहाऱ्याला जाऊ लागला. शिरस्त्राण घातलेलं त्याचं चित्र पुढच्या वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आलं. ८ सप्टेंबर १९४१ ला लेनिनग्राडचा वेढा पुरा झाला. तो २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस चालला. शोस्ताकोविच शहरात असतानाच त्यानं सातव्या सिंफनीचे पहिले तीन भाग लिहिले. १ ऑक्टोबरला त्याला बायको-मुलांसह विमानानं बाहेर काढण्यात आलं आणि व्होल्गाकाठच्या कुइबिशेव शहरात, म्हणजे आजच्या समारात, २७ डिसेंबरला सिंफनी पुरी झाली. ५ मार्च १९४२ ला ती तिथेच वाजली. स्वरलिपीची मायक्रोफिल्म तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेला पोचवली गेली. १९ जुलैला न्यूयॉर्कहून तोस्कानिनीनं ती रेडिओवर वाजवली.

पण या सिंफनीचा खरा प्रयोग तिच्या स्वतःच्या शहरात झाला. १९४१ च्या हिवाळ्यात तिथे कारकून आणि घरी बसलेली माणसं यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. वेढ्यात उपासमारीनं आणि थंडीनं मेलेल्यांचा आकडा सहा लाखांहून जास्त आहे. काही अंदाज तो दहा लाखांच्या घरात नेतात. फिलहार्मोनिकचा वाद्यवृंद सैबेरियात हलवलेला होता. मागे उरला होता रेडिओचा वाद्यवृंद, आणि त्याचा संचालक कार्ल एलियासबर्ग. पहिल्या तालमीला जेमतेम पंधराएक वादक येऊ शकले. फुंकून वाजवायच्या वाद्यांना दम लागतो आणि दम धरण्याइतकी ताकद कुणात उरली नव्हती. सिंफनीला शंभरावर वादक हवे होते. सैन्यातल्या बँडमधले वादक आघाडीवरून बोलावले, वादकांना जादा शिधा दिला, तरी तालमींच्या काळात काही जण दगावलेच. ९ ऑगस्ट १९४२ ला फिलहार्मोनिकचं सभागृह भरलं. कार्यक्रमात जर्मन तोफा गप्प राहाव्यात म्हणून जनरल गोवोरोवच्या तोफखान्यानं आधीच त्यांच्या ठाण्यांवर मारा केला होता. ध्वनिक्षेपकांवरून सिंफनी सगळ्या शहरभर ऐकवली गेली, शत्रूच्या खंदकांपर्यंतही. ही रचना म्हणजे लांबलेला प्रचार आहे असं म्हणणारे टीकाकार आहेत. पहिल्या भागातली ती एकाच तालावर फुगत जाणारी धून थोडी ठोकळेबाज आहे, हेही खरं. तरीही भुकेनं खंगलेल्या माणसांनी ज्या दिवशी ती वाजवली, त्या दिवसाशिवाय तिचं मोल ठरवू नये.

युद्ध संपल्यावर सरकारला भव्य विजयगीताची अपेक्षा होती. त्यानं १९४५ मध्ये दिली ती नववी सिंफनी, पंचवीसेक मिनिटांची, खेळकर आणि मध्येच खिन्न. ती वरच्यांना रुचली नाही. १० फेब्रुवारी १९४८ ला कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचा ठराव आला. शोस्ताकोविच, प्रोकोफिएव्ह, खाचातुरियान या संगीतकारांवर ‘फॉर्मॅलिझम’चा, म्हणजे जनतेपासून तुटलेल्या बांधणीच्या हव्यासाचा, आरोप ठेवला गेला. मॉस्को आणि लेनिनग्राड दोन्हीकडची प्राध्यापकी गेली. पोटासाठी त्यानं चित्रपटांना संगीत दिलं, सरकारसाठी गौरवगीतं लिहिली आणि चांगलं लिहिलेलं खणात टाकलं. पहिलं व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि ज्यू लोकगीतांवरची गीतमाला, दोन्ही १९५५ मध्ये लोकांनी ऐकली. ती गीतमाला लिहिली तो काळ लक्षात ठेवायला हवा. जानेवारी १९४८ मध्ये ज्यू नट सोलोमन मिखोएल्सचा सरकारी हस्तकांनी खून केला होता, आणि ज्यूंविरुद्ध मोहीम चालू असताना शोस्ताकोविच त्यांची गाणी स्वरबद्ध करत होता.

मार्च १९४९ मध्ये स्टालिननं स्वतः फोन करून त्याला न्यूयॉर्कच्या शांतता परिषदेला जायला सांगितलं. माझ्या रचना इथे वाजतच नाहीत, मग तिथे कशाला जाऊ, असं शोस्ताकोविच म्हणाला, आणि बंदी उठली. न्यूयॉर्कमध्ये संगीतकार निकोलस नाबोकोव्हनं भर सभेत त्याला विचारलं, की संगीतकार स्ट्राविन्स्कीवर ‘प्रावदा’नं केलेली टीका तुम्हांला मान्य आहे का. तो मान्य आहे म्हणाला. स्ट्राविन्स्कीला तो मनापासून मानत होता. बायको-मुलं मागे मॉस्कोत असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात शौर्य नव्हतं.

५ मार्च १९५३ ला स्टालिन मेला. त्याच दिवशी प्रोकोफिएव्हही गेला. डिसेंबरात दहावी सिंफनी आली आणि तिच्यात एक चार स्वरांची खूण ठळक झाली. जर्मन पद्धतीनं नावातली आद्याक्षरं घेतली की डी, एस, सी, एच हे स्वर मिळतात. सी हा षड्ज धरला तर ते रिषभ, कोमल गंधार, षड्ज आणि खालचा शुद्ध निषाद होतात. ही त्याची स्वरातली सही.

डिसेंबर १९५४ मध्ये पत्नी नीना गेली, पुढच्या वर्षी आई. दुसरं लग्न तीनच वर्षं टिकलं. उजवा हात कमजोर होऊ लागला. १९६० च्या जूनमध्ये पक्षाचं सदस्यत्व त्याच्या गळ्यात मारण्यात आलं. स्टालिनच्या काळात जे टाळलं ते आता टळलं नाही, म्हणून तो ग्लिकमनपुढे ढसाढसा रडला. लगेच जुलैत तो एका चित्रपटाच्या कामासाठी पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या गोरिश गावी गेला. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावात ड्रेस्डेन बेचिराख झालं होतं आणि चित्रपट त्याच विषयाशी निगडित होता. चित्रपटाचं संगीत बाजूला राहिलं. १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत त्यानं जे लिहिलं ते हे आठवं क्वार्टेट, जे तू आणि तुझ्या मैत्रिणी बसवत आहात. पहिले चार स्वर चेलोवर येतात, ते त्याचं नाव. पुढे पहिली सिंफनी, पाचवी सिंफनी, दुसऱ्या पियानो त्रिकुटातली ज्यू धून, चेलो कॉन्चेर्टो, कैद्यांचं एक जुनं क्रांतिगीत अशा धुनी येतात, आणि चौथ्या भागात चेलोच्या वरच्या सप्तकात लेडी मॅकबेथचा एक तुकडा. छापील अर्पण फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना आहे. १९ जुलैला ग्लिकमनला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मी मेल्यावर माझ्या स्मृतीसाठी कुणी काही लिहिणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवलं. दोन्ही अर्पणं खरी मानायला हरकत नाही. तिसऱ्या भागातलं वॉल्ट्झ गोड करून वाजवू नये, आणि चौथ्या भागातले तीन-तीनचे ठोके मोजून, कोरडे वाजवावेत.

१८ डिसेंबर १९६२ ला तेरावी सिंफनी मॉस्कोत वाजली. पहिला भाग येव्हतुशेन्कोच्या ‘बाबी यार’ या कवितेवर आहे. कीव्हजवळच्या त्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ रोजी जर्मनांनी ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या होत्या. म्राविन्स्कीनं ही सिंफनी वाजवायला नकार दिला, मुख्य गायक ऐन दिवशी मागे हटला, कार्यक्रमपत्रिकेत शब्द छापले नाहीत. किरील कोंद्राशिननं ती तरीही वाजवली. पुढे कवीला काही ओळी बदलायला भाग पाडलं गेलं. शोस्ताकोविचच्या सगळ्या कृतींत ही सर्वांत उघडी हिंमत.

त्याचीच दुसरी बाजूही लपवता येत नाही. १९७३ मध्ये सरकारवर टीका करणारा शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव्ह याच्या निषेधाचं पत्र ‘प्रावदा’त छापून आलं, त्याखाली शोस्ताकोविचचंही नाव होतं. भीतीनं थकलेल्या, आजारी माणसाचं ते वागणं समजून घेता येतं. त्याला निर्दोष म्हणता येत नाही. हृदयविकाराचे दोन झटके आणि मग फुप्फुसाचा कर्करोग यांतून शेवटची वर्षं गेली. या काळातल्या रचना विरळ, जवळजवळ उघड्या हाडांच्या आहेत. जुलै १९७५ मध्ये त्यानं व्हायोला सोनाटा संपवला आणि ९ ऑगस्टला मॉस्कोत तो गेला. एलियासबर्गच्या त्या प्रयोगाला त्या दिवशी बरोबर तेहतीस वर्षं झाली होती. मागे पंधरा सिंफनी आणि पंधरा क्वार्टेट राहिली.

१९७९ मध्ये सोलोमन व्होल्कोव्हचं ‘टेस्टिमनी’ हे पुस्तक अमेरिकेत निघालं. ते शोस्ताकोविचनं सांगितलेल्या आठवणी म्हणून छापलं गेलं, पण त्यातलं किती त्याचं आणि किती व्होल्कोव्हचं, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. ग्लिकमनला लिहिलेली त्याची पत्रं १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली, ती जास्त भरवशाची. इंग्रजीतही आहेत, क्वार्टेट बसवण्याआधी १९ जुलै १९६० चं पत्र तेवढं नक्की वाच.

तुझी,
मावशी