तुपाची धार आणि गळकें छप्पर

आमच्या पेण-रोह्याकडील घरांत माया मोजण्याचें माप एकच, आणि तें म्हणजे पानांतलें वाढप. मूल अशक्त दिसलें कीं भातावरील तुपाची धार दुप्पट होते, पेणचे पोह्याचे पापड तळून पुढें येतात, आणि तरीहि तें जिन्यावर थकलें तर 'आळस सोड, सूर्यनमस्कार घाल' असा उपदेश होतो. बहुतेक मुलांस हे उपाय मानवतात. परंतु एक रोग असा आहे कीं त्यांत हीच माया मुलाच्या अंगावर ओझें होऊन बसते.

रोह्यास आमच्या नात्यांतील एका मुलास तो आहे. पांचव्या वर्षीं तो वारंवार पडूं लागला. उठतांना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकीत उभा राही. पोटऱ्या मात्र भरदार, म्हणून वडीलधाऱ्यांस शंका आली नाहीं. मुंबईस तपासणी झाली, तेव्हां तो 'डुशेन' नांवाचा स्नायुक्षय ठरला. साडेतीन ते पांच हजार मुलग्यांमागें एकास हा रोग होतो. त्या पोटऱ्यांत स्नायूची जागा चरबी घेत होती.

स्नायूंत साखर व चरबी हें सरपण, आणि मायटोकाँड्रिया या सूक्ष्म चुली. त्यांतून एटीपी हें शक्तिद्रव्य निघतें. त्याचा सांठा अवघ्या कांहीं सेकंदांचा असल्यानें चुली अखंड पेटत्या राहाव्या लागतात. स्नायुतंतूंच्या आवरणास बळकटी देणारें डिस्ट्रोफिन हें प्रथिन १९८७ सालीं उजेडांत आलें. या रोगांत तें तयार होत नाहीं. मग स्नायु आकुंचन पावतांना आवरणास चिरा पडतात आणि कॅल्शियम आंत शिरतें. तें बाहेर काढण्यांत शक्ति खर्ची पडते, चुली मंदावतात. आषाढांत गळक्या छपराखालील चुलीची जी गत, तीच ही. तेथें सरपण वाढवून काय होणार?

उलट स्नायु घटल्यानें शरीराची अन्नाची गरजच कमी होते. चालणें अधिक काळ टिकावें म्हणून दिलेल्या स्टिरॉइड औषधानें भूक मात्र वाढते. जास्तीचें तूप चरबी होऊन त्याच दुबळ्या पायांवर बसतें. दमछाक करणाऱ्या व्यायामानें आवरण अधिकच फाटतें. वैद्याच्या सल्ल्यानें हलके ताण द्यावे, तेवढें हितकर. पुढें गिळणें कठीण झालें कीं वजन उतरूं लागतें, आणि तेव्हां आहार वाढवावा लागतो. म्हणून वजनाचा कांटा पाहून वाढावें, हें उत्तम.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. दोष आनुवंशिक असून बहुधा मातेकडून येतो. सुमारें एक तृतीयांश मुलांत मात्र तो नव्यानेंच उद्भवतो. दोन्हीं प्रकारीं मातेच्या हातीं कांहींच नसतें. तिच्या डोहाळ्यांस वा पथ्यास बोल लावणें हा निव्वळ अन्याय होय.

२०१६ च्या अपंगविषयक कायद्यांत या रोगाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन शाळेंत वर्ग तळमजल्यावर मागावा. घरीं तुपाची धार आंखडावी आणि मूल उठूं लागलें कीं हात पुढें करावा. मायेस एवढेंहि काम पुष्कळ आहे.