दुसरा नकाशा

मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्याने प्रथम बालमनाचे शास्त्र अभ्यासावे, असे पंडित सांगतात. ते ऐकले की मला स्टीव्हन्सन आठवतो. १८८१ च्या उन्हाळ्याअखेरीस स्कॉटलंडातील ब्रेमार गावी पावसाने सारे कुटुंब घरात कोंडले होते. लॉइड या सावत्र मुलाच्या संगतीत रंगांशी खेळता खेळता एका बेटाचा नकाशा तयार झाला, आणि त्यातूनच ‘ट्रेझर आयलंड’ उगवले. रोज एक प्रकरण लिहावे व घरच्यांना वाचून दाखवावे, असा क्रम पडला.

श्रोत्यांत वडील थॉमसही असत. दीपगृहे बांधणारे ते करारी गृहस्थ. मुलाने आपला व्यवसाय नाकारला, धर्मश्रद्धाही सोडली, याचे शल्य त्यांनी वर्षानुवर्षे बाळगले होते. तेच आता बिली बोन्सच्या पेटीत काय काय असावे याची यादी करू लागले! वादाने दुरावलेले बापलेक चाच्यांच्या गोष्टीत रमून गेले.

पुढे लेखणी अडली. डाव्होसला ती पुन्हा चालू लागली. पुस्तक १८८३ साली निघाले. मूळ नकाशा मात्र प्रकाशकाकडे पाठविताना गहाळ झाला. तेव्हा गोष्टीतील वर्णने ताडून वडिलांच्याच कचेरीत दुसरा काढावा लागला, आणि त्यावर कॅप्टन फ्लिंटची बनावट सही थॉमसनी स्वहस्ते केली. स्टीव्हन्सनला हा नकाशा कधीच खरा वाटला नाही. मला मात्र तोच अधिक मोलाचा वाटतो. उतारवयातल्या बापाने मुलाच्या खेळाला दिलेली ती संमतीच नव्हे काय?