उलटं फिरणारं बोट

अब्बांची जीप आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल इंजिन. या जीपमधून त्यांनी डहाणू-घोलवडच्या वाड्यांमधले चिकू वर्षानुवर्षं वाहिले. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळाला, तेव्हा अब्बा जणू स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखे मोहल्ल्यात पेढे वाटत फिरले होते. मागच्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. भाईजानचं म्हणणं, आता जीप कोण चालवणार, वापीचा भंगारवाला बरा भाव देतोय. मी म्हटलं, इंजिन बांधून घेऊ, सुरू झालेलं त्यांना एकदा ऐकू तरी दे. शेवटी रविवारपर्यंतची मुदत ठरली.

इंजिन तलासरीला हायवेवरच्या एका मिस्त्रीने बांधलं. रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप, सगळं उघडून. घरी आणून बसवलं, स्टार्टर मारला, तर इंजिन नुसतं खोकतंय आणि कार्बोरेटरमधून फटाके. मिस्त्री फोनवर म्हणाला, "सर, टायमिंग गिअर चुकला असंल. परत खोलावं लागंल." परत खोलणं म्हणजे परत पैसे. बीएड झालेल्या माणसाला इंजिनातलं काय कळणार, असं त्याला वाटलं असावं. पण लहानपणी सुट्टीत पाना धरायला मीच असायचो.

माझा एक जुना विद्यार्थी, आयटीआय झालेला वारली पोरगा, मदतीला आला. आम्ही खोलण्याआधी एक नंबरचा प्लग काढला. त्या भोकात मी जुन्या उर्दू वहीचा कागद घट्ट गुंडाळून खोचला आणि त्याला हँडल फिरवायला सांगितलं. कागद फट्‍कन उडाला, म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. हे बघावंच लागतं, कारण पिस्टन वर दोनदा येतो आणि स्पार्क त्यातल्या एकाच वेळी हवा असतो. नुसती पुलीवरची खूण बघून डिस्ट्रिब्युटर बसवणाऱ्याचा निम्म्या वेळा घोटाळा होतो. मग खूण जुळवली आणि कॅप काढली. रोटर एक नंबरच्या टोकाकडे बघायला हवा होता, तो दोन टोकांच्या मधोमध. डिस्ट्रिब्युटर सैल करून जेवढा फिरेल तेवढा फिरवला, तरी पुरेना.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवर थेट बसत नाही. कॅमशाफ्ट ऑइल पंपाचा गिअर फिरवतो आणि पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते. खाच मध्यापासून जरा सरकलेली, त्यामुळे जीभ एकाच बाजूने बसते. कंपनीने चूक होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण पंपच एक दात चुकवून बसवला, तर ती सोय त्या चुकीलाच पक्कं धरून ठेवते. पंप ब्लॉकच्या बाहेरूनच निघतो. काढला, एक दात फिरवून परत बसवला. टायमिंग गिअरला हातही लावावा लागला नाही.

पॉइंटचा गॅप अर्धा मिलिमीटर ठेवला, स्टार्टर मारला. या वेळी इंजिन धरलं, पण लंगडत, आणि सायलेन्सरमधून धडाधड बार. अम्मी आतून ओरडली, "बस करा आता, मगरीबची वेळ झाली."

अब्बा खुर्चीत बसून बघत होते. त्यांचं डावं बोट हवेत गोल गोल फिरत होतं. अम्मीने पाणी दिलं, त्यांनी तोंड फिरवलं. पंखा लावला, तरी बोट फिरतच होतं. मी दिवसभर वर्गात हाताच्या खुणांवर पोरं सांभाळतो, पण बापाची खूण कळायला मला दहा मिनिटं लागली. बोट घड्याळाच्या उलट फिरत होतं.

कॅप परत काढली. पोराला स्टार्टर मारायला लावलं, रोटर बघितला. उलटाच फिरतो! फायरिंग ऑर्डर १-३-४-२, ती मला पाठ होती. पण वायरी मी घड्याळाच्या दिशेने लावल्या होत्या. मराठी वाचावं तसं लावलं होतं, इंजिन उर्दू वाचत होतं. (आकडे उर्दूतही डावीकडूनच लिहितात, हे पोरांना पटवताना माझा दरवर्षी एक तास जातो.) एक आणि चार समोरासमोर असल्यामुळे दोन्हीकडून बरोबरच येतात, म्हणून इंजिन दोन सिलिंडरवर लंगडत होतं. दोन आणि तीनच्या वायरींची फक्त अदलाबदल केली.

नमाज पढून आलो आणि चावी फिरवली. आधी धूर, मग तो ओळखीचा आवाज. अब्बांनी डावा हात बॉनेटवर ठेवला, तापेपर्यंत काढला नाही.

रात्री भाईजान आला. जीपभोवती फिरला, चहा घेतला, बोलला काहीच नाही. मी त्याला सांगितलं, ही कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. तो म्हणाला, "म्हणजे हिलाही एकदा घर वाटून घ्यावं लागलं." मग भंगारवाल्याला फोन करायला बाहेर गेला. काय बोलला ते मी विचारलं नाही. सोमवारी जीप शेडमध्येच होती, आणि रेडिएटरमध्ये कोणीतरी पाणी भरून ठेवलं होतं.